पाखरीनंतरचं घोडं

कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १८५८. उत्रोली

मानसिंगानं पुण्याहून ही वही आणली. पहिल्या चार पानांवर कुठल्यातरी घोड्याचा दाणापाणी इंग्रजीत मांडलेला आहे, बाकीची कोरी. मानसिंग माझा धाकटा. पुण्याला रेसच्या तबेल्यात मोतद्दार आहे, म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यांना खरारा करतो आणि स्वतःच्या बायकोला सहा महिने तोंड दाखवत नाही.

म्हणाला, "आई, तुझ्यासाठी घोडं बघतोय. आमचे साहेब रोज लिवून ठेवत्यात, घोड्यानं खाल्लं किती, पाय तापले का, मिजास कशी व्हती. तूबी ठेव."

म्या म्हटलं, "ठेवते की. तुझ्या आज्यानं मला शाळेत घालायचं तेवढं ऱ्हायलंय."

तर लिहिणार आमची सून चंद्रा. तिची आई लहानपणीच गेली, भोरला मामाकडं वाढली, तिथं चौथीपर्यंत शिकली. मी बोलायचं, तिनं लिहायचं. ती काय लिहिते ते मला कळणार नाही, मी काय बोलते ते तिला पटणार नाही. बरं जमेल आमचं. माझ्या 'हाय'चं ती 'आहे' करते. करू दे, तिच्या मास्तरांचं नाव राहील.

घोडं अजून यायचं आहे, तोवर माझंच लिही म्हटलं. मी धोंडाबाई. सुईण. उत्रोलीपासून वर हिर्डोशीपर्यंत कितीतरी पोरं माझ्या हातांवर आली. गावभर मला आजी म्हणतात. घरात मात्र आजी म्हणणारं एकही नाही.

हे लिहिताना चंद्रानं टाक बुडवायला फार वेळ लावला.

कार्तिक वद्य द्वितीया

"घोडं कशाला पाहिजे ते आधी सांगा, आत्याबाई, म्हणजे पुढचं कळेल." असं चंद्रा म्हणते. कुणाला कळेल गं? वही काय बाजारात वाचायची आहे? पण लिही.

माझी पाखरी. डोंगरी तट्टू, माझ्या खांद्याएवढं. अकरा वर्षं तिच्या पाठीवर बसून मी बाळंतपणं केली. कुठल्या घरी जायचं ते तिला माझ्याआधी कळायचं, आणि कुठल्या घरी गूळ मिळतो ते तर नक्कीच.

माझी लेक रतन मार्गासनीला दिली. दोन वर्षांमागं श्रावणात तिकडचा गडी पळत आला, रतनला कळा लागल्यात. मी निघाले. गुंजवणी नदी जिथनं पार करायची त्या उताराला पाणी पाखरीच्या पोटाला लागत होतं. अशा पाण्यातनं ती शंभरदा गेली असेल. मधोमध तिचा पाय दगडावरनं सरकला. मला काठच्या उंबराच्या मुळीनं धरलं. तिला कुणी धरलं नाही.

माझं मांडीचं हाड मोडलं. पलीकडं रतनच्या घराचा धूर दिसत होता, एवढं जवळ. मी अलीकडं पडून होते. मूल झालं आणि गेलं. गळ्याला नाळेचे वेढे होते असं मागनं कळलं. नाळेचे वेढे मी काढते. बोट घालायचं, सैल करायचं, डोक्यावरनं घ्यायचं. आजवर वीस तरी काढले असतील, सगळे दुसऱ्यांच्या लेकींचे.

पुरे. भाकरी थाप जा.

कार्तिक वद्य पंचमी

जावई आले होते. कुंडलिकराव भोरच्या बाजाराला आले की आमच्या ओट्यावर टेकतात. रतनला सहावा लागला आहे. हे तिसरं. पहिलं हितंच माझ्या घरी झालं होतं, एक दिवसच जगलं. तेव्हापासून त्या घरी बाळंतपण लाभत नाही म्हणून तिच्या सासूनं पाठवली नाही. आता सासू वारली, तर घरात दुसरी बाई नाही. जनावरं कुणावर टाकून येणार?

जावई म्हणाले, "मामी, तुमीच आधी येऊन ऱ्हावा की. म्हैनाभर."

"जावईबापू, लेकीच्या मांडीवर लेकरू खेळल्याबिगर तिच्या घरचं पाणी पीत न्हाईत आमच्यात. म्हैनाभर वारा खाऊन ऱ्हाऊ?"

"मग?"

"मग कळा लागल्या की गडी धाडा. म्या घोड्यावर येते. तुमच्या बैलगाडीला नसरापुरावरनं दिवस-रात्र लागते, आन कळा बैलांची वाट बघत न्हाईत."

त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं, मग काठीकडं, मग अंगणातल्या खुंट्याकडं, पाखरीच्या रिकाम्या थानाकडं. भला माणूस.

रतननं गाठोड्यात नवे तांदूळ धाडले होते. तिच्या घरचा दाणा मी कसा खाणार? शेजारच्या ठकुबाईला देऊन टाकले. सांजच्याला ठकुबाई येऊन सांगते, "लई मऊ झाला गं भात, वासाचा." मला सांगायची काही गरज होती?

कार्तिक वद्य एकादशी

घोडं आलं! तांबडं, कपाळावर चांदणी, अंग तेलातून काढल्यासारखं. पुण्याहून कात्रज चढून दोन दिवस मानसिंग त्याच्याबरोबर चालत आला. मालकाची चांगली घोडी मुंबईच्या रेसला गेलीत, उरलेली टाकाऊ मानसिंगाच्या गळ्यात आहेत. कुणी दाणा घालणारा भेटला तर मालक तशीच देऊन टाकतो.

चंद्रा म्हणाली, "किती देखणा!" घोड्याकडं बघून म्हणाली. लिही, लाजू नकोस.

घोडं पारखायची माझी रीत आहे. आधी त्याच्यापुढं ओलं लुगडं झटकायचं. मग शेरडं सोडायची. मग कोंबड्यांचं खुराडं उघडायचं. एवढ्यात जे उभं राहील ते माझं. हा लुगड्यालाच दोन पायांवर गेला. शेरडांची वेळच आली नाही. वर त्याला डावीकडं वळवायला गेलं की मान ताठ.

मानसिंग म्हणाला, "आई, मैदानात समदी उजव्या अंगानंच पळत्यात. सवय हाय त्याला."

म्या म्हटलं, "मग भोरच्या बाजाराला जायला मला साताऱ्याला वळसा घालावा लागंल."

परत ने म्हटलं. जाताना चंद्रानं त्याला दशम्या बांधून दिल्या. गूळ जरा जास्तच होता. मी चाखली म्हणून ठाऊक.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

दुसरं आलं. राखी रंगाची घोडी, सात वर्षांची. लुगड्याला हलली नाही, शेरडं पायांतून गेली, कोंबडी पाठीवर बसली तरी कान पाडून उभी. मानसिंग हसायला लागला. चंद्रा पण. मी तिच्या पुढच्या डाव्या पायावरनं हात फिरवला. गुडघ्याखालची नस गरम लागली.

"ही न्हाई. नस गेलीय हिची. गुंजवणीत लंगडी पडंल."

मानसिंगानं हात लावला. "थंडगार हाय, आई."

"तुझ्या हाताला घट्टे पडल्यात. तुला काय कळतंय?"

"निदान बसून तर बघ."

म्या म्हटलं, जी घ्यायची नाही तिच्यावर बसून तिला आशा कशाला लावायची?

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा

मानसिंग घोडी घेऊन गेला. दशमीचं लिहिलेलं खोडू नको, चंद्रे, पण खालनं हे लिही: नस गरम नव्हती.

मानसिंग दाणा भिजवायला गेला होता तेव्हा मी रिकिबीत पाय घालून बघितला होता. अकरा वर्षं रोज घातला तोच पाय. वाटलं, विहिरीत घालतेय. कानांत पाणी वाजायला लागलं. घोडी वळून माझ्याकडं बघत होती, गरीब डोळ्यांनी. बाया माझ्याकडं बघतात, म्हणतात, "आजी, मरंन का गं मी?" मी म्हणते, "गप. जोर लाव." मला असं म्हणणारं कोण आहे?

घोडीला पुण्याचा टांगेवाला घेणार आहे म्हणे. चांगली होती. चुकलं माझं.

पौष शुद्ध चतुर्थी

थंडी लई. लिहिण्यासारखं नाही.

चंद्राला सकाळचा चुलीचा धूर सोसत नाही, परसात जाऊन उभी राहते. पित्त म्हणते. मी सुंठ दिली. दिवसभर चिंचा चघळते, मग पित्त होणार नाही तर काय? नवऱ्याच्या आठवणीनं खाणं उडालं असेल. आमच्या वेळी आठवण आली की आम्ही दळायला बसायचो. पायलीभर दळलं की आठवण जाते, नाहीतर पीठ तरी होतं.

रतनला सातवा सरत आला. तिकडं वर वारा जास्त. अंगावर घ्यायला घोंगडं आहे की नाही कोण जाणे. माझं सगळं लक्ष तिकडं डोंगरापलीकडं.

पौष वद्य तृतीया

मानसिंग आला. या वेळी घोडं ओढ्यापाशी बांधून घरी एकटाच आला. तेव्हाच ओळखलं, पोरगं काहीतरी लपवतंय.

जाऊन बघितलं. करडा-तपकिरी, नऊ वर्षांचा, खच्ची केलेला. पोट सुटलेलं, खालचा ओठ लोंबतोय. आमच्या दिरांसारखा दिसतो. मानसिंग म्हणाला, शर्यत यानं एकच जिंकली, तीही पुढचे दोघं पडले म्हणून. पण नव्या, बावचळलेल्या घोड्यांना मैदानात नेताना याला शेजारून चालवायचे. याच्याकडं बघून ती गप व्हायची.

"आन हे तू मला आत्ता सांगतोस? दोन म्हैने त्या नाचऱ्यांना घेऊन यिऊन ऱ्हायलास!"

मानसिंगानं घोड्याचं तोंड माझ्याकडं वळवलं. डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा, खाली ओघळलेला. आसूढाळ. असलं घोडं धन्याला रडवतं म्हणतात. म्हणून कुणी घेईना. मालक म्हणाला, या अमावस्येपर्यंत कुणी नेला नाही तर गोळी.

गेनबा आला, माझा दीर. भोवरे बघण्यात गावात त्याच्यासारखा दुसरा नाही, असं तो सांगतो. दुरूनच ओरडला, "वैनी, आमच्या बानं असलं जनावर शिवंत न्हाई येऊ दिलं!"

गेनबाला मी नेहमी हसते. त्यानं सुलक्षणी म्हणून निवडलेला बैल आठ दिवसांत विहिरीत पडला होता. पण या वेळी हसू आलं नाही. रतनचं तिसरं आहे. दोन झाली. रडायचं ते रडून झालंय, आता नको.

म्या म्हटलं, "ने परत."

मानसिंग म्हणाला, "आठ दिस ऱ्हाऊ दे, आई. अंगणात न्हाई आणत. ओढ्यालाच बांधतो."

राहू दे म्हटलं. पाहुणा म्हणा त्याला, म्हणजे जाणार आहे हे ध्यानात राहील.

पौष वद्य सप्तमी

ठकुबाईची शेरडं पाहुण्याच्या पोटाखाली सावलीला बसतात. तो पाय उचलायच्या आधी खाली बघतो. हे ठकुबाईनं सांगितलं. मी काही तिकडं जात नाही. दिवसातनं दोनदाच जाते.

आज चंद्रा घमेल्यात कोंडा घेऊन निघाली होती.

"कुठं निघालीस?"

"पाहुण्याला."

"कुणी सांगितलं तुला?"

"पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, असं तुम्हीच सांगितलंय."

आली आणि लिहायला बसली. टाक दौतीत तसाच धरून म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू? पाखरीला कुठला भोवरा होता?"

म्या म्हटलं, "देवमण. गळ्याला, बरोब्बर मधी. त्याच्याहून शुभ भोवरा न्हाई. गेनबानंच बघितला व्हता. म्हणाला, वैनी, हे घोडं तुमास्नी कधी दगा देणार न्हाई."

बाहेर पाहुणा फुरफुरत होता.

पाखरीनं दगा दिला नव्हता. नदीला एवढं पाणी होतं आणि दगड शेवाळलेला होता. दोन वर्षं झाली, हे मला कुणी म्हटलं नाही. मी पण मला म्हटलं नाही.

मानसिंगाला हाक मारली. घोडं अंगणात आण. पाखरीच्या थानाला बांध.

पौष वद्य दशमी

रेसच्या घोड्याला उभं राहता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. चालत्या घोड्यावर माणूस उचलून टाकतात आणि निघतात. थांबणं त्यांच्या शिकवणीतच नाही. मानसिंग चार दिवस त्याला विहिरीच्या कट्ट्याशी नेतो, उभा राहिला की गुळाचा खडा, हलला की गूळ नाही. आता कट्टा दिसला की पाहुणा आपणच जाऊन उभा राहतो आणि हलायचं नावच घेत नाही. पाणी शेंदणाऱ्या बाया शिव्या देतात.

आज मी कट्ट्यावर चढले. काखेत काठी, कासोटा घट्ट, खोगिराला हात. तशीच उभी राहिले. किती वेळ ते चंद्राला विचारा.

ठकुबाई घागर घेऊन ताटकळलेली. म्हणाली, "धोंडाबाय, तू घोड्यावर बसतीस का घोड्याला तुझ्यावर बशिवतीस? मला पानी न्यायचंय!"

सगळ्या हसल्या. मला पण हसू आलं आणि हसता हसता पाय पलीकडं गेला.

वर होते. पाखरीपेक्षा केवढं उंच! मांडी दुखली, लगाम मी आवळून धरलेला, ते आवळणं त्याच्या तोंडाला कळत असणार. त्यानं एक कान मागं केला. नुसता ऐकत राहिला. नव्या घोड्यांच्या शेजारी असाच चालत असेल.

बसले. उतरले. आज एवढंच. ठकुबाईला पाणी मिळालं.

माघ शुद्ध द्वितीया

मानसिंग पुण्याला गेला. आता घोडं मिळालं, म्हणजे त्याला यायला निमित्त नाही. हे मला त्याची पाठ दिसल्यावर सुचलं. तीन घोडी नापसंत केली असती तर आणखी एकदा आला असता. पण एवढी हुशारी वेळेवर सुचली असती तर मी सुईण कशाला झाले असते, कारभारी झाले असते.

चंद्रा वेशीपर्यंत गेली होती. काहीतरी सांगायचं होतं तिला त्याला, सांगितलं नाही वाटतं. परत येऊन नुसती बसली.

पाहुण्यावरनं नीरेपर्यंत गेले. गावातून जाताना पोरं मागं. रान लागल्यावर त्याची चाल मोकळी झाली, लांब टांगा, पोटात पाणी हलत नाही. वाटलं, असंच जावं. नदी आली. पाणी घोट्याएवढं, तळाचे गोटे मोजून घ्यावेत असं. मी उतरले. लगाम धरून, काठी टेकत, लुगडं वर खोचून चालत पार झाले. पाहुणा मागनं आला, एखाद्या म्हातारीला पोचवायला आल्यासारखा.

माघ शुद्ध नवमी

नीरेला गेले. उतरले.

माघ शुद्ध एकादशी

उतरले. येताना पण.

माघ वद्य तृतीया

जावई आले होते. रतनला नववा लागला. पाय सुजलेत. तोंड पण सुजलंय म्हणतात. ते मला आवडलं नाही. मीठ कमी करायला सांगितलं, डाव्या कुशीवर नीज म्हणून सांगितलं. निरोपानं बाळंतपण करतेय मी.

विचारलं, "काय म्हणती का आमची रतन?"

जावई घुटमळले. मग म्हणाले, "म्हणती, आयला इचारा, आय घोड्याची वाट बघती, का घोडं आयची?"

कुणाची जीभ घेतलीय पोरीनं, देव जाणे.

तर उद्या गुंजवणीच्या उतारापर्यंत जाऊन येते. नुसतं बघायला. पाणी किती आहे, वाट कशी आहे. तिथनं माघारी.

चंद्रा विचारते, "बघायलाच जाताय तर जुन्या लुगड्यांच्या धडप्या, दोरा नि वेखंड कशाला बांधलंय?"

असू दे. खोगिराला पिशवी लागतेच.

फाल्गुन वद्य अष्टमी

आले परत. आज सांगते ते नीट लिही. महिना झाला तुझ्या टाकाला आराम मिळून.

त्या दिवशी उताराला पोचले. उंबर तिथंच. त्याची ती मुळी पाण्याबाहेर आलेली, पोरं तिच्यावर बसून पाय हलवतात बहुतेक, घासून गुळगुळीत झालीय. पाणी गुडघ्याच्या आत. म्या म्हटलं, बघितलं, आता वळू. लगाम ओढला. डावीकडं ओढला, हे तिथं लक्षात आलं नाही. पाहुणाही मैदानातलाच, डावीकडं वळायचा त्याला मुळातच कंटाळा. तो सरळ पाण्यात शिरला आणि मधोमध जाऊन प्यायला लागला.

उतरणार कुठं? सगळीकडनं पाणी. डोळे मिटले. कानांत तेच वाजायला लागलं. मग हळूहळू कळलं, हा बाहेरचा आवाज आहे. पाहुण्याच्या नरड्यातनं घुटक्या घुटक्यानं पाणी जातंय, ते माझ्या मांड्यांना कळतंय. घाई नाही त्याला कशाचीच. पितोय आपला. मी त्याच्या पाठीवर बसून रडले. चांगली मोकळी रडले, पाखरीसाठी. तिच्यासाठी रडायचं राहूनच गेलं होतं. गेनबाला सांग, भोवरा खरा ठरला म्हणावं.

त्याचं पिऊन झालं. डोकं वर केलं, मला विचारल्यासारखं थांबला. म्या टाच लावली. पुढं.

रतन अंगणात होती. पोट हे एवढं, चेहरा सुजलेला. मला घोड्यावर बघून भिंतीला टेकली. घागर घेतली, बादलीत ओतली, पाहुण्यापुढं ठेवली. तो नदीत एवढा पिऊन आला होता, तरी प्याला.

मग म्हणाली, "घोडं कुणाचं, आय?"

"माझं."

"माझ्या घरचं पानी प्यालं ते. म्हंजी तुझं मोडलंच की आता."

म्या म्हटलं, "जनावराला कशाची रीत?"

"आन मला, आय? मागल्या खेपंला येकटीनं पडून ऱ्हायले. तुझी रीत उशाला व्हती माझ्या."

तांब्या पुढं धरला.

चंद्रे, दोन वर्षं मी घोडं घोडं करत बसले. उंच का बुटकं, भोवरा कुठला, नस कसली. पाय बरा झाल्यावर एक तांब्या पाणी प्यायले असते तर बैलगाडीत बसून कधीच गेले असते, हवं तेवढं राहिले असते. हे मला साठी उलटल्यावर एका घोड्यानं सांगितलं.

प्यायले. पाणी गोड आहे त्यांच्या विहिरीचं. भातही खाल्ला. ठकुबाई खरं बोलत होती.

बारा दिवसांनी कळा लागल्या. दिवस उजाडताना सुरू, उन्हं अंगणात येईतो मोकळी. नाळेचे वेढे होते. दोन. बोट घातलं, सैल केले, डोक्यावरनं घेतले. मुलगी. आधी गप होती. मी तळव्याला टिचकी मारली तशी अशी रागावली की बाहेर पाहुणा खिंकाळला. बारसं झालं. आता पुढं नातीला घेऊन माझी मोडलेली मांडी कशी अवघडली ते आणि कुंडलिकरावांचा आनंद असं दोन्ही लिही, मग मानसिंगाला...

का गं थांबलीस?

मघापासून बघतेय. आल्यापासून तू भाकरी पाय लांब सोडून थापतेस. मोरीशी वाकताना हात कमरेला गेला. निऱ्या वर खोचल्यास. थांब. टाक खाली ठेव. त्या खांबापर्यंत चालून दाखव. ठेव म्हणते ना, हे काय लिहीत बसलीस?

चौथा सरला. चौथा! आणि मी हिला सुंठ देतेय. साऱ्या डोंगरातल्या बायांची पोटं चालीवरनं ओळखणारी धोंडाबाई, आणि माझ्या पुढ्यात रोज बसून ही माझंच बोलणं लिहितेय. मानसिंगाला तरी सांगितलंस? नाही? वेशीपर्यंत जाऊन नाही?

म्या विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस, बाय?"

तर म्हणते, "तुमचं सगळं लक्ष रतनताईंकडं होतं. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करतात. मला कुठं पाठवायचं, हा तुम्हाला घोर झाला असता."

ये, हितं बस. रडू नको, शाई पसरेल. लिही आता, मोठ्या अक्षरात लिही, मला वाचता येत नाही तरी ते पान मी ओळखून ठेवीन. उद्या कुणीतरी पुण्याला जाईल त्याच्याजवळ मानसिंगाला निरोप, की आईनं चौथं घोडं बघायला बोलावलंय, ताबडतोब ये. आणि खाली लिही, चंद्राला कुठं जायचं नाही. ह्या बाळंतपणाला घोडं लागणार नाही.